सोलापूरच्या हवेतून सूक्ष्मजीव गोळा करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सोलापुरात गच्च्यांवर पंप लावून हवा गाळतो आणि गाळात सापडलेल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचायला पाठवतो. ज्यांच्या गच्चीवर पंप बसतो ते घरमालक, बी.एस्सी.ची मुलं, डाळिंबवाले शेतकरी, मागावर काम करणारे, सगळेच प्रश्न विचारतात. बरेचसे प्रश्न तेच ते असल्यामुळे उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

हवेत खरंच जीव असतात का? डोळ्यांना तर नुसती धूळ दिसते.

असतात. जमिनीवरच्या एक घनमीटर हवेत, म्हणजे एका मोठ्या कपाटाएवढ्या जागेत, साधारण दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत जिवाणू असू शकतात. बुरशीचे बीजाणू, परागकण आणि विषाणू वेगळेच. आकडा मोठा वाटतो, पण काळ्या मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्या मानाने हवा म्हणजे अगदी विरळ वस्ती. पुढची सगळी उत्तरं या विरळपणाभोवतीच फिरतात, म्हणून ही गोष्ट लक्षात असू द्या.

हे जीव येतात कुठून?

शेतातून, झाडांच्या पानांवरून, तळ्यातून, उकिरड्यातून, जनावरांच्या आणि आपल्या अंगावरून. सोलापुरात वर्षभरात यांचे मुक्काम बदलतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी-मळणी सुरू झाली की बुरशीचे काळपट बीजाणू वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत नांगरून ठेवलेल्या रानातली माती वावटळीबरोबर शहरात येते. पहिला पाऊस पडला की हवा धुऊन निघते, पण टपोरे थेंब मातीवर आपटतात तेव्हा तिथले जिवाणू बारीक तुषारांवर बसून वरही उडतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा गर्दीच्या पायांखालून उडणारी धूळ असते आणि माणसांच्या त्वचेवरचे जिवाणूही असतात.

मग उघडी प्लेट ठेवायची, त्यात वाढेल ते मोजायचं. एवढा खटाटोप कशाला?

शाळेत-कॉलेजात आपण सगळ्यांनी हेच केलं आणि मुलांना पहिल्यांदा दाखवायला मी आजही तेच करते. आगर प्लेट, म्हणजे जंतूंना वाढायला जेलीसारखं अन्न भरलेली बशी, अर्धा तास उघडी ठेवली की दोन दिवसांत ठिपके उमटतात. पण प्लेटवर वाढतात ते हवेतल्या एकूण जिवाणूंपैकी शंभरात एकापेक्षाही कमी. बाकीच्यांना आपण वाढलेलं अन्न चालत नाही, किंवा उन्हाने ते अर्धमेले झालेले असतात, किंवा पार मेलेले. शिवाय प्लेटवर आपल्या वजनाने खाली बसतात ते जड कण. बारीक कण तासन्‌तास तरंगत राहतात आणि प्लेटच्या वाट्याला येतच नाहीत. डीएनए वाचला तर न वाढणाऱ्यांचीही हजेरी लागते.

हवा गाळून बघण्याची कल्पना मात्र जुनी आहे. लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास कापसापासून केलेल्या गनकॉटनच्या बोळ्यातून हवा ओढली, मग तो बोळा अल्कोहोल आणि ईथरच्या मिश्रणात विरघळवून खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आपल्या देशात डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या ब्रिटिश डॉक्टरांनी कलकत्त्यात हवेतल्या बीजाणूंचं निरीक्षण करून १८७३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. सोलापूरच्या मुलांना मी पाश्चरचा बोळा आवर्जून सांगते. कापसाच्या गावात राहून ही गोष्ट माहीत नसावी हे मला बरं वाटत नाही.

यंत्र कोणतं लागतं?

मुख्य चार तऱ्हा आहेत. फिल्टरमधून हवा ओढणं, हवेचा झोत आगर प्लेटवर आपटवणं, झोत द्रवात घुसवणं किंवा भोवऱ्यासारखा फिरवून कण द्रवात गोळा करणं, आणि कणांना विद्युतभार देऊन पट्टीवर चिकटवणं. झोत आगर प्लेटवर आपटवणारं अँडरसनचं सहा मजल्यांचं यंत्र १९५८ चं आहे. ते मिनिटाला २८.३ लिटर हवा ओढतं आणि कण आकारानुसार वेगवेगळ्या मजल्यांवर उतरवतं. जिवंत जंतू मोजायला ते आजही उत्तम. भोवऱ्याच्या तत्त्वावरची काही यंत्रं मिनिटाला ३०० लिटरपर्यंत हवा घेतात.

आम्ही फिल्टरवर स्थिरावलो. कारण सोलापूरचा उन्हाळा. तापमान ४२-४३ अंशांवर आणि हवा कोरडी ठणठणीत असली की द्रवाच्या यंत्रातलं पाणी बघता बघता आटतं. दर थोड्या वेळाने भर घालायची म्हणजे दर वेळी झाकण उघडायचं, आणि झाकण उघडलं की बाहेरचा कचरा आत. फिल्टरवर पेशी वाळून मरतात हे खरं, पण आपल्याला त्या वाढवायच्या नाहीत, त्यांचा डीएनए हवा आहे. ज्यांना जिवंत जंतू हवेत त्यांनी मात्र फिल्टरच्या नादी लागू नये.

आमची मांडणी साधी आहे. ४७ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर, त्याचा धारक, मिनिटाला २० लिटर ओढणारा पंप, प्रवाहमापक आणि वर पावसा-पाखरांपासून आडोसा म्हणून उलटं टांगलेलं स्टीलचं पातेलं. पातेलं आणि फिल्टरच्या मधे हवेला भरपूर वाट ठेवलेली असते.

किती हवा ओढायची?

हिशेब करून दाखवते. मिनिटाला २० लिटरने आठ तास म्हणजे ९,६०० लिटर, जवळपास १० घनमीटर. एक घनमीटरमध्ये एक लाख जिवाणू धरले तर फिल्टरवर आले दहा लाख. एका जिवाणूत डीएनए असतो सुमारे ५ फेम्टोग्रॅम. दहा लाखांचा मिळून झाला ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाची पाचपट. काढताना त्यातला निम्म्याहून जास्त हातचा जातो. उरतो एक-दोन नॅनोग्रॅम. मातीच्या नमुन्यावर काम करणाऱ्यांना याच्या हजारपट डीएनए सहज मिळतो.

म्हणून आठ तासांपेक्षा कमी आम्ही घेत नाही आणि शक्यतो २४ तास घेतो. त्याहून लांबवलं की फिल्टर धुळीने तुंबतो, शिवाय आधी अडकलेला डीएनए ऊन-वाऱ्याने खराब व्हायला लागतो.

ब्लँक म्हणजे काय? आणि त्याचा एवढा आग्रह का?

ब्लँक म्हणजे कोरा नमुना. बाकीच्या फिल्टरांबरोबर तोही पाकिटातून काढायचा, गच्चीवर न्यायचा, धारकात बसवायचा, फक्त पंप सुरू करायचा नाही. मग इतरांसारखाच पॅक करून, त्याच किटने, त्याच दिवशी डीएनए काढायचा. त्यात जे सापडेल ते हवेतलं नाही. ते आपल्या हातांचं, चिमट्याचं, किटचं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, अंगावर घेऊन शिकले. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मे महिन्यात नमुने घेतले. अहवाल आला, त्यात ब्रॅडीरायझोबियम ठळक दिसत होता. हा जिवाणू सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीत राहतो. मला फार आनंद झाला. बार्शीकडची सोयाबीनची रानं, तिकडचा वारा, इथली गच्ची असा सगळा नकाशा मी फळ्यावर काढून दाखवला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण मे महिन्यात सोयाबीन कुठंय? आणि तो कोरा फिल्टर आपण पाठवला होता का?"

पाठवला नव्हता. पैसे वाचवायला म्हणून तो फ्रीजरमध्येच ठेवला होता. नंतर पाठवला, तर त्यातही ब्रॅडीरायझोबियम आणि सोबत राल्स्टोनिया. डीएनए काढायच्या किटमधल्या द्रावणांत या जिवाणूंचा अंश असतो हे २०१४ मध्येच शोधनिबंधात छापून आलं होतं. नमुन्यात डीएनए भरपूर असेल तर तो अंश दबून जातो. हवेच्या नमुन्यात तोच डोकं वर काढतो. तो सगळा संच आम्ही बाजूला ठेवला, फळा पुसला आणि त्या मुलीला पुढच्या संचाच्या नोंदवहीची जबाबदारी दिली.

तेव्हापासून नियम असा की प्रत्येक चार नमुन्यांमागे गच्चीवरचा एक कोरा फिल्टर, शिवाय प्रत्येक वेळी किटचा कोरा आणि पीसीआरचा, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पायरीचा, कोरा. पैसे कमी असतील तर नमुने कमी करा. कोऱ्याला हात लावू नका.

स्पिरिटने पुसलं की चिमटा स्वच्छ होतोच ना?

जंतू मरतात, डीएनए जात नाही. हा फरक लक्षात यायला मुलांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि मलाही लागला होता. मेलेल्या जिवाणूचा डीएनए चिमट्याला तसाच चिकटून राहतो आणि यंत्र तो इमानदारीने वाचतं. ऑटोक्लेव्हमधूनही, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातूनही, डीएनएचे तुकडे शिल्लक राहू शकतात. आम्ही चिमटे पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवतो, डीएनएमुक्त पाण्याने धुतो आणि मग ज्योतीवरून फिरवतो. क्वार्ट्‌झचे फिल्टर वापरत असाल तर ते भट्टीत ५०० अंशांवर काही तास भाजून घेता येतात. प्लास्टिकच्या फिल्टरांचं तसं करता येत नाही, ते निर्जंतुक पाकिटातलेच घ्या. हातमोजे प्रत्येक फिल्टरला नवे. आणि फिल्टर बसवताना तोंडावर मास्क असू द्या, तेव्हा बोलायचं नाही.

यंत्रमागाजवळ नमुना घेतला तर चालतो का?

चालतो. आमची एक गच्ची साखर पेठेजवळ आहे आणि खालच्या अंगाला मागांचा खडखडाट सकाळी सुरू होतो. संध्याकाळी फिल्टर उघडला की राखाडी थरावर लाल-निळे तंतू दिसतात, चादरीच्या सुताचे. ते बघायला छान वाटतं, पण त्यामुळे फिल्टर तुंबत जातो आणि पंप २० ऐवजी १४-१५ लिटरच ओढायला लागतो. म्हणून प्रवाह सुरुवातीला, मधे आणि शेवटी मोजायचा आणि हिशेब सरासरीवर करायचा. तोंडाशी जाळी लावली तर तंतू अडतात, पण तंतूंवर बसलेले जिवाणूही अडतात. आम्ही जाळी लावत नाही, वेळ कमी करतो.

काळ्या मातीची अडचण वेगळी. तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती डीएनए घट्ट धरून ठेवते, आणि पालापाचोळा कुजून मातीत तयार झालेली ह्युमिक द्रव्यं पीसीआर अडवतात. मे महिन्यातल्या नमुन्यातून काहीच आलं नाही म्हणून तो फेकू नका. आधी डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

मागावर काम करणाऱ्यांच्या छातीच्या त्रासाचं कारण यातून कळेल का?

हा प्रश्न एका मागवाल्या काकांनी विचारला होता आणि त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात जिवाणूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिन या विषारी द्रव्याचा मोठा वाटा मानला जातो. एंडोटॉक्सिन डीएनए वाचून मोजता येत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. साखर कारखान्याच्या बाजूला साठवलेल्या, बुरसटलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, धुळीनेही फुप्फुसांना सूज येते, आणि तिथे उष्णतेत वाढणारे जिवाणू कारण असतात. तेवढे जिवाणू आहेत की नाहीत हे आमच्या पद्धतीने दिसेल. पण तुमच्या छातीत काय चाललंय हे आमचा फिल्टर सांगू शकत नाही. दम लागत असेल, आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्यावर छाती आवळत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि काम कशाचं करता ते त्यांना आधी सांगा.

पंप नक्की कुठे ठेवायचा?

गच्चीच्या मधोमध, कठड्यापेक्षा उंच. कबुतरांची बसायची जागा, एसीचा पंखा, पाण्याची टाकी, कुंड्या यांच्यापासून लांब. तुळशीला पाणी घातलं तरी कुंडीतले जिवाणू उडतात. पंपाची स्वतःची बाहेर पडणारी हवा नळीने दूर सोडा, नाहीतर तीच परत आत ओढली जाते. वीज गेली तर गेली-आली ती वेळ लिहा. गच्चीवर मिरच्या, कुरडया वाळत घालायच्या दिवसांत घरमालकांशी आधी बोलून ठेवा. एकदा एका आजींनी मला शांतपणे विचारलं, "तुझं मशीन हलवू का माझी खाट?" मशीन हलवलं.

नमुना ठेवायचा कसा, पाठवायचा कसा?

फिल्टर काढल्याबरोबर निर्जंतुक ट्यूबमध्ये आणि बर्फात. त्याच दिवशी उणे २० अंशांत, जमलं तर उणे ८० मध्ये. पुण्याला पाठवायचा तर कोरड्या बर्फात, थर्माकोलच्या डब्यात. डब्याला गॅस जायला फट हवी, कारण कोरड्या बर्फाचा वायू होतो आणि घट्ट बंद डबा फुटू शकतो. उन्हाळ्यात पार्सल बसच्या डिकीत टाकू नका, माणूस सोबत पाठवा. कोरडा बर्फ मिळालाच नाही तर डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात फिल्टर बुडवून ठेवता येतो.

प्रयोगशाळेत पुढे काय होतं?

फिल्टरचे तुकडे बारीक काचमण्यांबरोबर जोरात हलवतात, कारण बीजाणूंची कवचं नुसत्या रसायनाला दाद देत नाहीत. मग डीएनए वेगळा करतात. जिवाणूंसाठी १६एस हा जनुक, बुरशीसाठी आयटीएस हा भाग पीसीआरने वाढवून वाचतात. सगळाच डीएनए सरसकट वाचायची शॉटगन पद्धतही आहे, पण तिला जास्त डीएनए आणि जास्त पैसे लागतात.

एक गंमत इथे हमखास दिसते. १६एसच्या अहवालात वनस्पतींची नोंद निघते. मुलं घाबरतात, काहीतरी चुकलं म्हणून. चुकलेलं नसतं. पानांतल्या हरितलवकांचे पूर्वज निळे-हिरवे जिवाणू होते, त्यामुळे त्यांच्यातही १६एस जनुक असतो. म्हणजे कडुलिंबाचा बहर, बारीक झालेला पालापाचोळा हे सगळं त्या यादीत येतं. ते वेगळं काढा आणि मग टक्केवारी करा.

सापडलेले जंतू जिवंत होते का?

यातून कळत नाही. मेलेल्याचा डीएनएही वाचला जातो. फुटलेल्या पेशींचा डीएनए बाद करणारं एक रंगद्रव्य वापरता येतं, पण धुळकट नमुन्यात त्याचा भरवसा कमी. म्हणून "हवेत अमुक रोगजंतू सापडला" अशी बातमी आमच्या कामावरून कुणी करू नये ही विनंती.

डाळिंबावरचा तेल्या आधी कळेल का?

सोलापूरचा शेतकरी हे विचारणारच. तेल्या हा रोग झँथोमोनास जिवाणूमुळे होतो आणि तो मुख्यतः पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, रोगट रोपांतून आणि छाटणीच्या कात्रीतून पसरतो. कोरड्या दिवशी हवा गाळून तो सापडला नाही, तर बाग सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. वादळी पावसाच्या दिवशी बागेत नमुना घेणं जास्त कामाचं, पण तेव्हा फिल्टर भिजतो. तेल्याबाबत सल्ला हवा असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच उशाशी आहे, तिथे जा.

द्राक्षाची गोष्ट वेगळी. भुरी या बुरशीच्या रोगाचे बीजाणू खरोखर वाऱ्यावर जातात. अमेरिकेत ओरेगनच्या द्राक्षबागांत हवेतले बीजाणू पकडून, डीएनए चाचणी करून फवारणी कधी सुरू करायची हे ठरवण्याचे प्रयोग झाले आहेत. हे आपल्याकडे करून बघण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण एक फवारणी वाचली तरी शेतकऱ्याच्या हातात पैसे राहतात आणि अंगावर औषध कमी पडतं.

या जंतूंचा पावसाशी संबंध आहे म्हणतात?

काहींचा आहे. सुडोमोनास सिरिंगी या जिवाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन उणे २ अंशांच्या आसपासच पाणी गोठवू शकतं, एरवी ढगातले बारीक थेंब शून्याच्या खूप खाली जाऊनही पाणीच राहतात. ढगात असे बर्फाचे कण तयार झाले की ते मोठे होऊन पाऊस पडायला मदत होऊ शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर भागात पाऊस वाढवण्यासाठी ढगांत कण सोडण्याचा, म्हणजे बीजारोपणाचा, प्रयोग केला, तो मात्र मिठासारख्या पाणी धरणाऱ्या कणांचा होता, जिवाणूंचा नाही. लोक दोन्ही एकत्र करतात, म्हणून सांगितलं.

आमचा डीएनए पण गोळा होतो का?

होतो, थोडा. शॉटगन पद्धतीत माणसांचे तुकडे येतातच. ते आम्ही पहिल्याच पायरीला पुसून टाकतो, साठवत नाही आणि कुणाला देत नाही. गच्ची देणाऱ्या प्रत्येक घराला हे आधी सांगतो. नमुने परदेशात पाठवायचा किंवा परदेशी संस्थेबरोबर काम करायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ खालच्या परवानग्या आधी बघा.

कॉलेजात पैसे नाहीत. सुरुवात कशाने करू?

काचपट्टीला व्हॅसलिनचा पातळ हात लावा, गच्चीवर दिवसभर ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. परागकण आणि बुरशीचे बीजाणू ओळखायला शिका. ज्याने ज्वारीच्या काणीचे, म्हणजे कणसावरच्या बुरशीच्या रोगाचे, बीजाणू डोळ्यांनी पाहिलेत, त्याला पुढे अहवालातली नावं नुसती नावं वाटत नाहीत.

नोंदवहीत काय लिहायचं?

वाटेल ते नाही, दिसेल ते सगळं. आमच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं: "सुरू सकाळी ७.१०. प्रवाह २०. वारा पश्चिमेचा, मंद. ९.४० ला वीज गेली, १०.०५ ला आली. ११ च्या सुमारास समोरच्या गच्चीवर दोन गाद्या झटकल्या, धूळ आपल्याकडे. प्रवाह १८. दुपारी ३ ला खाली रस्त्यावर डांबराचं काम. बंद ५.३०. प्रवाह १६. कोरा फिल्टर क्रमांक ३ सोबत ठेवला." त्या दिवशीच्या नमुन्यात माणसाच्या त्वचेवरचे जिवाणू नेहमीपेक्षा जास्त आले आणि कोरा फिल्टर स्वच्छ निघाला. गाद्यांची ओळ लिहिली होती म्हणून कारण शोधत बसावं लागलं नाही.